गावातलं एकवीस दिवसांचं फुटबॉल शिबिर: पोरांना पेटवायचं कसं आणि ताणायचं किती

पहिल्या दिवशी मैदानात मावत नाहीत इतकी पोरं येतात. दुसऱ्या आठवड्यात निम्मी गळतात आणि कोच म्हणतो, ‘आजकालच्या पोट्ट्यांत दमच नाही.’ दम बहुतेक वेळा असतो. शिबिरच असं चाललेलं असतं की चांगल्या खेळाडूला कंटाळा येतो, कच्च्याला लाज वाटते आणि मधल्यांकडे कोणाचं लक्षच नसतं.

विदर्भातल्या गावांत पहिल्यांदाच शिबिर घेणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे: जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक, गावच्या क्रीडा मंडळातले तरुण, कॉलेजच्या संघातून खेळून गावी परतलेले खेळाडू. हिशेब धरला आहे तो असा: १२ ते १७ वयाचे २४ खेळाडू, एक कोच, एक मदतनीस, बरं म्हणावं असं एक मैदान आणि २१ दिवस. पोरं भाषणानं दोन मिनिटं पेटतात. तीन आठवडे टिकतात ती रोज समोर येणाऱ्या, जमेल-न जमेल अशा कामामुळे. असं काम रोज आखून देणं हीच कोचची खरी मेहनत, म्हणून खालचा बराचसा भाग आखणीचाच आहे.

१. तारखा गावाचं कॅलेंडर पाहून ठरवा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि पावसाळ्यात शालेय स्पर्धांची धावपळ सुरू होते. त्यामुळे शिबिर सुट्टीतच बसवावं लागतं. एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा मध्य हा काळ त्यातल्या त्यात सोयीचा. नवतपा, म्हणजे साधारण २५ मे ते २ जून, पूर्ण टाळा. जूनमध्ये ठेवलंत तर पेरणीच्या दिवसांत मोठी पोरं शेतात जातील, आणि पहिल्या पावसानंतर काळ्या मातीचं मैदान बुटाला किलोभर चिकटेल.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याच्या जंगलपट्ट्यात मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. घरची सगळी माणसं पहाटेच पानं तोडायला निघतात. अशा गावात सकाळचं सत्र ठेवून गैरहजेरीवरून पोरांना बोलणं हा शुद्ध अन्याय आहे. तिथे संध्याकाळी साडेपाचनंतर बोलवा आणि सत्र हलकं ठेवा. बाकी ठिकाणी सकाळी ५.३० ते ७.३०. सुट्टी रविवारी देण्यापेक्षा आठवडी बाजाराच्या दिवशी द्या, कारण त्या दिवशी पोरं तशीही येत नाहीत.

२. कागदपत्रं आधीच गोळा करा

प्रत्येक खेळाडूची एक प्लास्टिक फाईल करा. तिच्यात हे हवं:

– पालकांचं सहीचं किंवा अंगठ्याचं संमतीपत्र, त्यावर दोन मोबाईल नंबर
– शाळेचं बोनाफाईड
– जन्मदाखला आणि आधारची प्रत
– प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
– रक्तगट आणि सिकलसेल (आनुवंशिक रक्तविकार) तपासणीची नोंद
– पासपोर्ट आकाराचे ४ फोटो

शिवाय तुमच्याकडे मैदान वापरायला शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं लेखी पत्र असावं. तोंडी परवानगी लग्नाचा मांडव पडला की संपते.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. पहिलं, आधारवरची जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधली जन्मतारीख जुळत नाही. स्पर्धेच्या तोंडावर हे कळलं तर पोरगं बाहेर बसतं. शिबिराच्या पहिल्याच आठवड्यात दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहा, दुरुस्तीला महिने लागतात.

दुसरं सिकलसेलचं, आणि ते जिवाशी आहे. पूर्व विदर्भात आणि मेळघाट, यवतमाळच्या पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. वाहक, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेलं पण प्रत्यक्ष आजार नसलेलं मूल एरवी ठणठणीत असतं आणि फुटबॉल आरामात खेळू शकतं. धोका असतो तो उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, विश्रांती न देता एकामागून एक जोरात पळवण्यात. त्यातही शिबिराच्या पहिल्या दिवसांत, अंगाला सवय नसताना. तेव्हा रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. ओळखायचं कसं? पायात साधा गोळा आला तर पिंडरी दगडासारखी घट्ट होते आणि पोरगं ओरडतं. इथे स्नायू हाताला मऊच लागतो, पण पायातलं बळ जातं, दुखतं आणि खेळाडू मटकन खाली बसतो. बोलतो मात्र नीट. ‘नाटक करून राहिला’ असं म्हणण्याचा मोह नेमका इथेच होतो. खेळ थांबवा, सावलीत न्या, १०८ ला फोन करा आणि वाहक असल्याचं पहिल्या वाक्यात सांगा.

वाहक मुलांना वेगळं बसवू नका. विश्रांती दुप्पट, पाणी जास्त, वेग त्याचा त्यानं ठरवायचा आणि घड्याळ लावून वारंवार पळवणं बंद, एवढं पुरे. प्रत्यक्ष आजार असलेल्या मुलाला डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय घेऊ नका. ही नोंद फाईलमध्येच राहू द्या, संघासमोर वाचून दाखवायची ती गोष्ट नाही.

मुलींसाठी महिला शिक्षिका किंवा गावातली एखादी ताई रोज हजर हवी, आणि कपडे बदलायला बंद खोली. कोणत्याही मुलासोबत वा मुलीसोबत कोचनं बंद खोलीत एकट्यानं थांबू नये.

३. मैदान आणि सामान

पूर्ण मापाचं मैदान लागत नाही. ६० बाय ४० मीटर सपाट जागा मिळाली तर शिबिर उत्तम होतं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. घोटा मुरगळण्याचं मोठं कारण तेच. आठवडाभर आधी भेगांत बारीक माती भरा, दगड वेचा, आदल्या संध्याकाळी शिंपण करा. रेषा फक्कीनं मारा.

सामान: बॉल १२, म्हणजे दोघांत एक. चौदा वर्षांवरच्यांना ५ नंबरचा, लहानांना ४ नंबरचा. मुरमाच्या मैदानावर बॉलचं वरचं कातडं महिनाभरात सोलतं, म्हणून महागडे सामन्याचे बॉल सरावाला काढू नका. ५ नंबरच्या बॉलचा दाब नियमानुसार ८.५ ते १५.६ पीएसआय असतो. कडक मैदानावर खालच्या टोकाजवळ ठेवा, नाहीतर बॉल छातीएवढा उसळतो आणि पोरं खाली खेळायला शिकतच नाहीत. पंप एक, पण सुया चार. सुई दुसऱ्या दिवशीच तुटते. बिब (संघ ओळखायला अंगावर चढवायची रंगीत बनियनं) तीन रंगांत प्रत्येकी ८. कोन (खुणेसाठी जमिनीवर ठेवायचे प्लास्टिकचे शंकू) ४०; नसतील तर पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत अर्धी माती भरा. दोन शिट्ट्या, स्टॉपवॉच (मोबाईल चालेल), २० मीटरची दोरी, प्रथमोपचाराची पेटी.

लहान गोल बांबूचे करा. हलवता येणारा लोखंडी गोल असेल तर मागच्या पट्टीवर रेतीची पोती टाकल्याशिवाय वापरू नका. पोरं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि तो अंगावर पडतो. गोलकीपरला झेप शिकवायची तर पोत्यांत कुटार (भुसा) भरून गादी करा. कडक जमिनीवर कोपर सोललं की पोरगं पुढे झेपच घेत नाही, आणि कोच त्याला भित्रा म्हणून मोकळा होतो.

बूट नाहीत म्हणून कोणाला परत पाठवू नका. पण अनवाणी आणि स्टडवाली (तळाला टोकं असलेले बूट घातलेली) पोरं एकाच खेळात नकोत. पहिला आठवडा सगळ्यांना साध्या कॅनव्हास बुटांत किंवा सगळ्यांना अनवाणी खेळवा.

४. पहिले तीन दिवस फक्त मोजा

निवड नको, भाषण नको. एक वही घ्या, प्रत्येकाला एक पान. तीन गोष्टी मोजा:

भिंतीवरचा पास: शाळेच्या भिंतीपासून ५ मीटरवर रेघ. ३० सेकंदांत किती पास परत येतात ते उजव्या आणि डाव्या पायाचे वेगवेगळे लिहा.

कोनांतून बॉल: २ मीटर अंतरानं ६ कोन, जाऊन-येऊन किती सेकंद. कोन पडला की १ सेकंद दंड.

दम: यो-यो चाचणी. २० मीटर जायचं, परत यायचं, मग १० सेकंद चालत विश्रांती. मोबाईलवरच्या बीपसोबत वेग वाढत जातो. दुसऱ्यांदा बीप चुकली की खेळाडू थांबतो. ही चाचणी तिसऱ्या दिवशी घ्या, पहिल्या नाही. सिकलसेल वाहकांना शेवटपर्यंत ताणायला लावू नका.

हे आकडे भिंतीवर क्रमवारीनं चिकटवले की काम बिघडलं. तळातली सहा पोरं दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. प्रत्येकाला फक्त त्याचं पान दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: ‘एकवीस दिवसांनी यातला कोणता आकडा बदललेला पाहिजे?’ तो जे म्हणेल ते त्याच्यासमोर लिहा. ‘डाव्या पायानं ९ होतात, १५ करीन,’ असं पोरगं स्वतः म्हणालं की सकाळी पाच वाजता त्याला उठवायला आईला ओरडावं लागत नाही.

५. आव्हान आखणं

मोजपट्टी साधी आहे. एखादी गोष्ट दहातून सात वेळा जमत असेल तर अवघडपणा बरोबर आहे. नऊ-दहा वेळा जमली तर सोपी झाली, अवघड करा. चार-पाचच्या खाली गेली तर उतरवा. अवघड करायची साधनं चारच: जागा, वेळ, बॉलला लागणारे स्पर्श आणि समोरच्यांची संख्या. एका वेळी एकच बदला. दोन बदलली तर काय बिघडलं ते कळत नाही.

रोंडो घ्या. चार पोरं चौकोनाच्या चार बाजूंवर, एक मध्ये. चौकोन ८ बाय ८ मीटर. बाहेरच्यांनी बॉल फिरवायचा, मधल्यानं हिसकायचा. ज्याचा पास अडला तो मध्ये. सरळ सोडून दिलं तर पाच मिनिटांत दंगा होतो, कारण सगळ्यात कच्चं पोरगं कायम मध्येच अडकतं. म्हणून नियम करा: मधला ४५ सेकंदच मध्ये राहील, शिट्टीला बदल. आता बाहेरच्यांचे पाय पाहा. नवशिका बॉलकडे तोंड करून, दोन्ही टाचा जमिनीला टेकवून उभा असतो. बॉल त्याच्या जवळच्या पायावर येतो आणि तो जिथून आला तिथेच परत देतो. त्याला खांदा थोडा वळवून, अर्धा आडवा उभा करा आणि लांबच्या पायानं बॉल घ्यायला सांगा. एवढ्यानंच समोरची दुसरी वाट त्याला दिसते. सलग दहा पास जाऊ लागले की चौकोन एक मीटरनं आवळा किंवा दोनच स्पर्शांची मुभा ठेवा. चार पासही होत नसतील तर चौकोन १० मीटरचा करा. पुढच्या आठवड्यात १० बाय १० मध्ये पाच विरुद्ध दोन.

कमकुवत पायाचा सामना: हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. फक्त कमकुवत पायानं खेळायच्या आणि ड्रिबलिंगला (बॉल पायात ठेवून चकवत नेण्याला) बंदी असलेल्या स्पर्धा ते भरवत. गावात याचा मोठा फायदा असा की मैदानाचा हिरो अचानक बाकीच्यांच्या पातळीला येतो. त्याला अपमान न करता जमिनीवर आणायचा यापेक्षा सभ्य मार्ग नाही. आठवड्यातून एकदा, १५ मिनिटं.

राजा-मैदान: २४ पोरांचे चौघांचे सहा संघ, ३० बाय २० मीटरची तीन छोटी मैदानं. ४ मिनिटांचा सामना, दीड-दोन मिनिटं पाणी. जिंकलेला संघ वरच्या मैदानावर, हरलेला खालच्या. चार-पाच फेऱ्यांत आपोआप सारख्या ताकदीचे संघ समोरासमोर येतात आणि प्रत्येक मैदानावर चुरस लागते, तुम्ही एक शब्द न बोलता. बरोबरी झाली तर? शेवटचा गोल ज्यानं केला तो वर. गोलच झाला नसेल तर दगड-कागद-कात्री. वाद घालायला वेळ नाही.

हरलेल्या संघाला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणं ही आपल्याकडची जुनी खोड. पळणं ही फुटबॉलची मूळ गोष्ट, तीच शिक्षा केली तर पोरगं पळायला शिकणार कसं? शिवाय हरणारा संघ बहुधा आधीच जास्त पळालेला असतो. त्याऐवजी तळाच्या मैदानावरच्या संघाला पुढच्या फेरीचा एक नियम ठरवू द्या. ‘डोक्यानं केलेला गोल दोनचा’, ‘तीन स्पर्शांतच’, काहीही. हरूनही हातात काहीतरी आहे हे पोरांना फार आवडतं, आणि नियम ठरवताना ती स्वतःच्या खेळाचा विचार करतात.

दिवसाची आखणी साधारण अशी: २० मिनिटं तयारी, २० मिनिटं बॉलवरचं एक कौशल्य, २५ मिनिटं रोंडो किंवा तसा खेळ, २५ मिनिटं छोटे सामने, १० मिनिटं थंड होणं. पाण्याची विश्रांती त्यात धरलेली नाही. तयारीसाठी फिफाचा ‘११+’ कार्यक्रम वापरा: पळण्याचे, ताकदीचे, तोल सांभाळण्याचे मिळून १५ व्यायाम, साहित्य काही लागत नाही, वीस मिनिटांत होतो. तो १४ वर्षांपुढच्यांसाठी आहे, लहानांसाठी त्याचा वेगळा प्रकार आहे. उडी मारून उतरताना गुडघा आत वळतोय का एवढं तरी डोळ्यात तेल घालून पाहा, मुलींच्या बाबतीत जास्तच.

६. तोंडची भाषा

कलकत्त्याचे कोच पी. के. बॅनर्जी सामन्याआधीच्या बोलण्यासाठी प्रसिद्ध होते. त्याला तिकडे ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याआधी प्रतिस्पर्धी कोचनं केलेली टिंगल त्यांनी आपल्या ईस्ट बंगालच्या खेळाडूंना चेतवायला वापरली. कलकत्त्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर बायचुंग भुतियानं तीन गोल केले आणि ईस्ट बंगालनं मोहन बागानला ४-१ हरवलं. नवे कोच हे ऐकून रोज सकाळी टॉनिक पाजायला लागतात. टॉनिक सामन्याच्या दिवशी चालतं, आणि ज्याच्या पायात आधीच खेळ आहे त्यालाच चढतं. शिबिरात अकराव्या सकाळी ‘गावाचं नाव काढायचं आहे’ ऐकून पोरं जांभया देतात.

रोजच्या सत्रात लागतात ती छोटी, नेमकी वाक्यं.

‘अबे, डोळे कुठं ठेवले? काय करून राहिला?’ यातून पोराला काय करायचं ते कळत नाही, फक्त कोच चिडला एवढं कळतं. हेच असं होऊ शकतं:

‘बॉल यायच्या आधी मागं कोण आहे पाहिलं होतं?’
‘नाही सर.’
‘पुढच्या वेळी समोरच्याच्या पायातून बॉल सुटायच्या आत एकदा मान वळव. बस, तेवढंच.’

दहा सेकंदांत संपलं. एका वेळी एकच दुरुस्ती. पाच मिनिटांनी त्यानं खरंच मान वळवली, तर पास चुकला तरी ओरडा: ‘पाहिलंस! बरोबर पाहिलंस!’ नुसतं ‘शाब्बास’ दिवसभर वाटलं की त्याची किंमत चिल्लर होते. कशासाठी शाब्बास, ते सांगा. कौतुक सगळ्यांसमोर, दुरुस्ती शक्यतो बाजूला घेऊन, खाली वाकून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.

तुलना करायचीच तर वहीतल्या पानाशी. ‘तो बघ कसा खेळून राहिला’ म्हटलं की दोघंही बिघडतात. जात, रंग, उंची, वजन, बापाची दारू, आईचं काम यांवरून विनोद अजिबात नको, आणि पोरं आपसात करत असतील तर ऐकू न आल्याचं सोंगही नको. मारणं, उन्हात उभं करणं, उठाबशा यांना शिस्त म्हणू नका. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं बंदी घातलेली आहे. शिबिर शाळेच्या आवाराबाहेर आहे ही पळवाट शोधू नका.

७. ऊन, पाणी, थकवा

अंगाला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. म्हणून पहिले तीन दिवस तासभराचं सत्र, चौथ्यापासून दीड तास, दुसऱ्या आठवड्यात पूर्ण वेळ. पुढे दोन दिवस कठीण, एक दिवस हलका असा क्रम ठेवा. हलक्या दिवशी फक्त बॉलवरचं कौशल्य आणि गोलवर मारा. पोरं याला सुट्टी समजतात, समजू द्या.

दर १५ मिनिटांनी सगळ्यांनी पाणी प्यायचं, तहान असो नसो. एका सत्राला डोक्यामागे लिटरभर धरा, म्हणजे २४ पोरांना २५ ते ३० लिटर. दोन मोठे जार सावलीत, पेले प्रत्येकाचे वेगळे. घरगुती जलसंजीवनी: १ लिटर स्वच्छ पाणी, सपाट ६ चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका. सत्र संपल्यावर ताक किंवा कैरीचं पन्हं उत्तम.

उपाशी पोटी खेळवू नका. येताना मूठभर गूळ-फुटाणे किंवा एक केळ. सत्रानंतर अर्ध्या तासात भिजवलेले चणे, शेंगदाणे-गूळ. अंडी देणारा दाता मिळाला तर सोन्याहून पिवळं.

खेळाडू असंबद्ध बोलू लागला, लडखडला, अंग तापलं, तर ऊन लागलं आहे. घाम येत असला तरी. आधी जागेवरच थंड करा: सावली, कपडे सैल, अंगभर पाणी ओतणं, ओले दुपट्टे, वारा. १०८ ला त्याच वेळी दुसऱ्यानं फोन करायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. मोटारसायकलवर मध्ये बसवून तालुक्याला पळवण्यात जी वीस मिनिटं जातात, तीच महागात पडतात.

८. हमखास अडणारी पोरं

हिरो: गावच्या स्पर्धेत गोल मारून डोक्यावर चढलेला. त्याला सांगा, ‘आज तुझे गोल मोजणार नाही, तुझ्या पासवर झालेले मोजणार.’ आणि खरंच मोजा.

बुजरा: हा कधीच बॉल मागत नाही. संघासमोर ‘बोल की’ म्हटलं की तो आणखी आत जातो. त्याला राजा-मैदानात तळाच्या मैदानावर कप्तान करा, गुण लिहायला द्या. आवाज हळूहळू निघतो.

उशिरा येणारा: कारण विचारल्याशिवाय बोलू नका. काहींच्या घरी गाई-म्हशींचं पाणी-वैरण करूनच निघता येतं. त्याला १५ मिनिटं उशिराची सवलत द्या आणि बाकीच्यांना तसं उघड सांगा. कारण नसेल तर तो सामान गोळा करेल, फेऱ्या मारणार नाही.

गोलकीपर: सगळे बॉल मारत असताना हा एकटा उन्हात उभा असतो. रोज त्याच्यासाठी वेगळी १५ मिनिटं ठेवा, मदतनीस लावा, रोंडोत त्याला पायानं खेळवा. त्याच्या पानावर अडवलेले बॉल लिहा, खाल्लेले गोल नाही.

मधूनच यायची बंद झालेली मुलगी: आधी घरी जा. कारण बहुधा खेळाचं नसतं. वाटेवरची टवाळी, पाळी, कपडे किंवा काकांचं मत असतं. संध्याकाळचं सत्र असेल तर मुलींना अंधार पडायच्या आत, गटानं सोडा. घरच्यांशी बोलताना खेळाडूंना दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा गुण आणि राज्याच्या नोकऱ्यांतलं ५ टक्के आरक्षण यांची माहिती द्या, पण पात्रता कोणत्या पातळीच्या स्पर्धेला लागते हेही सांगा. गावातल्या शिबिराच्या प्रमाणपत्रावर यातलं काही मिळत नाही. खोटी आशा दाखवून आणलेलं मूल पुढच्या वर्षी पूर्ण घरासकट पाठ फिरवतं.

९. शेवटचे चार दिवस

अठराव्या दिवशी पहिल्या तीन दिवसांच्या चाचण्या तशाच, त्याच भिंतीवर, त्याच वेळी पुन्हा घ्या. जुन्या आकड्याशेजारी नवा लिहा. काहींचा यो-योचा आकडा वाढणार नाही. त्याच्या आधीच्या दोन दिवसांत सत्र जड तर नव्हतं ना, ते आधी तपासा.

एकोणिसाव्या दिवशी विश्रांती, विसाव्याला शेजारच्या गावाशी सामना. सगळ्या २४ जणांना खेळायला मिळालं पाहिजे. त्यासाठी २० मिनिटांचे तीन भाग करा आणि कोणत्या भागात कोण, ते आदल्या दिवशीच सांगा. पालकांना बोलवा, पण रेषेपासून तीन मीटर मागे दोरी बांधा. ‘मार रे, मार रे’ करणाऱ्या काकांपासून पोरांना वाचवायला दोरीच लागते.

शाळेच्या संघासाठी १६ किंवा १८ जण निवडायचे असतील तर नावं फळ्यावर लावून निघून जाऊ नका. एकविसाव्या दिवशी प्रत्येकाला तीन मिनिटं द्या, समोर त्याचं पान. निवड न झालेल्यांना आधी बोलवा आणि गोलमोल बोलू नका: ‘तू यंदा सोळात नाहीस. डावा पाय ९ वरून १४ वर आला, तो माझ्या वहीत आहे. दम अजून कमी पडतो. जुलैत पाऊस उघडला की शनिवारी सकाळी सराव आहे, येशील?’ हो म्हणाला तर तारीख त्याच्याच हातानं पानावर लिहून घ्या.

मग बॉलची हवा थोडी कमी करून पोत्यात भरा, बिब धुवायला द्या, आणि वहीची एक झेरॉक्स शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडे ठेवा. तुमची बदली किंवा नोकरी कुठेही लागू शकते, पोरं तिथेच असतात.